अक्षरातलं अडीच

"मॅडम, पी बसवून द्या."

माझ्या खोलीचं दार उघडणारा दर दुसरा माणूस हे वाक्य घेऊनच आत येतो. खिडकीला जाळी बसवतात, दाताला कॅप बसवतात, तशी थिसिसला पी व्हॅल्यू बसवून द्यायची. पूर्वी मी समजावून सांगायचे. अहो, दोन गटांत जो फरक दिसतोय तो नुसत्या योगायोगानंही दिसला असता का, एवढंच ती पी सांगते; ती जितकी लहान, तितकी योगायोगाची शंका कमी. ती बसवायची नसते, निघेल तशी घ्यायची असते. समोरचा मान डोलवायचा आणि म्हणायचा, हो मॅडम, तेच, पण पॉइंट झिरो फाइव्हच्या खाली बसवा. आता मी समजावणं सोडून दिलंय. सरळ ओरडते. निदान घसा तरी मोकळा होतो.

मी डॉक्टर नाही. जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजात, सामाजिक आरोग्याच्या विभागात, मी जैवसांख्यिकी शिकवते. हा शब्द माझ्याशिवाय कोणी उच्चारत नाही. कॉलेजात मी स्टॅट्सवाल्या मॅडम आणि बदनापूरला आमच्या गल्लीत कॉम्प्युटरवाल्या बाई. शेजारणी मला प्रिंटर का अडकतो ते विचारतात. नेमणुकीच्या कागदावर लिहिलंय की कोणताही अभ्यास सुरू करण्याआधी माझा सल्ला घ्यायचा: किती माणसं तपासायची, कोणती, काय विचारायचं, कसं मोजायचं. प्रत्यक्षात सगळं उरकून, बाइंडिंगवाल्याला फोन करून झाला की मंग माझी आठवण येते. भाजी करपल्यावर मीठ किती टाकू म्हणून विचारायला यावं, तसं. आणि मीटिंगमध्ये मी काही बोलले की कोणीतरी हळूच म्हणतं, मॅडम नॉन-मेडिकल आहेत ना.

ती आली तो सोमवार होता. आमच्याच विभागातली, एमडीच्या शेवटच्या वर्षाची, परतूरची पोरगी. पोरगी म्हणायचं आपलं. तिलाच तीन वर्षांची मुलगी आहे, ती परतूरला आजीजवळ असते. शनिवारपर्यंत थिसिस जमा झाला नाही तर टर्म जाणार, परीक्षा सहा महिने पुढं, म्हणजे मुलीपासून आणखी सहा महिने लांब. हे तिनं मला खुर्चीवर बसायच्या आधीच सांगितलं. गेल्या वेळी घरी गेली तेव्हा मुलगी तिच्याकडे न येता आजीच्या पदराआड लपली, हेही तिनंच सांगितलं, हसत. मला काही हसू आलं नाही. आमच्याकडे थिसिसमध्ये माझ्या सहीचं एक पान लागतं, आकडेमोड तपासून पाहिली असं सांगणारं. त्या पानासाठी ती आली होती.

विषय चांगला होता. शहागडकडच्या ज्या उपकेंद्रांवर बाळंतपणं होतात, तिथल्या बाळांची जन्माच्या वेळची वजनं. अडीच किलोच्या खाली बाळ असलं की ते कमी वजनाचं, ही रेघ सगळीकडे मानतात. अशी बाळं किती, आणि आईचं वय, तिचं काम, तिच्या अंगातलं रक्त यांचा त्याच्याशी काय संबंध, हे तिला शोधायचं होतं. दोन वर्षांची रजिस्टरं तिनं स्वतः फिरून पाहिली होती, पानन् पानाचे मोबाईलवर फोटो काढले होते आणि होस्टेलवर बसून सगळं कॉम्प्युटरवर भरलं होतं. एवढी मेहनत फार कमी जण घेतात. बाकीचे कँटीनमध्ये बसून अर्ध्या तासात शंभर पेशंट तयार करतात, ते मला चांगलं माहीत आहे.

मी कधीच आधी आकडेमोड करत नाही, आधी चित्र काढते. बाळांची वजनं ओळीनं मांडली की मधे फुगीर आणि दोन्हीकडे उतरत जाणारी टेकडी दिसते. जगात कुठंही मांडा, तशीच दिसते. इथं टेकडी नव्हती. बरोबर अडीचवर मोबाईलच्या टॉवरसारखा एकच खांब उभा होता आणि त्याच्या डावीकडं जवळपास रान मोकळं. म्हणजे या भागात कमी वजनाचं बाळ जन्मालाच येत नव्हतं. उसाच्या फडातून आणि कापसाच्या रानातून सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत वाकून काम करणाऱ्या बायका, आणि बाळं सगळी काट्यावर नेमकी अडीच.

माझं डोकं फिरलं. मी तिला नको नको ते बोलले. एमडी होऊन राह्यलीस आणि तुला एवढं दिसलं नाही का, तुझ्या स्वतःच्या वॉर्डात अशी बाळं असतात का, हा थिसिस आहे का किराणा मालाची यादी. ती शांतपणे ऐकत होती. मंग म्हणाली की रजिस्टरात जे होतं तेच घेतलं, स्वतःच्या पदरचं काही घातलं नाही. ते खरंच होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. चूक तिची असती तर काम सोपं झालं असतं.

मी सरांकडे गेले. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख आणि तिचे गाइड. माणूस वाईट नाही. इन्स्पेक्शन आलं की स्वतः झाडू घेऊन उभा राहतो, पोरांच्या अडीअडचणीला धावून जातो. पण आकडा म्हटलं की त्यांना फक्त शेवटचा रकाना दिसतो. ते म्हणाले की सगळीकडची रजिस्टरं अशीच असतात, आपण काय एकट्यानं देश सुधारायचा ठेका घेतलाय का, तक्ते करून द्या आणि मोकळ्या व्हा. वर म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार बारीक बघता."

बारीक बघायलाच मला नेमलंय, हे मी बोलून दाखवलं. बरीच बाचाबाची झाली. शेवटी ठरलं की बुधवारी मी तिला घेऊन उपकेंद्रावर जाऊन येते, तोवर माझी सही नाही. खोलीत परत येऊन हे तिला सांगितलं, तेव्हा तिनं बोटांवर दिवस मोजले आणि मान हलवली.

कॉलेजची जीप मिळाली नाही, एसटीनंच गेलो. ती खिडकीशी बसून सगळा रस्ता फोनवर आईशी बोलत होती. मुलीला सर्दी झाली होती आणि वाफ कशी द्यायची ते ही इथून सांगत होती. अंबड सोडल्यावर मी तिला म्हटलं, बघ, काटाच बिघडलेला असणार. माझी खात्रीच होती. उपकेंद्राच्या अलीकडच्या दुकानातून मी साखरेच्या किलो-किलोच्या दोन पुड्या घेतल्या.

तिथल्या सिस्टर चांगल्या वयस्कर, नोकरीची शेवटची काही वर्षं राहिलेल्या. माहेर-सासर दोन्ही याच पट्ट्यात, दोन्हीकडे शेती. गावातल्या निम्म्या पोरांची नाळ त्यांनीच कापलेली. आम्ही आत गेलो तेव्हा लसीचा डबा पुसून राह्यल्या होत्या. मी नमस्कार केला आणि सरळ बाळांच्या काट्यावर पुड्या ठेवल्या. काट्यानं दोन किलो दाखवलं, वर थोडं कागदाचं. एक पुडी काढली, एक किलो. काटा एकदम ठणठणीत. सिस्टर कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, झालं असंल तर ती साखर इकडं द्या, चहाला संपलीच हाय.

चहा पिता पिता मी विचारलं की मंग सगळी बाळं अडीचच कशी. त्यांनी उगीच आढेवेढे घेतले नाहीत. कमी वजन लिहिलं की वेगळा फॉर्म भरायचा, बाळाला वरच्या दवाखान्यात पाठवायचं, ॲम्ब्युलन्सला फोन करत बसायचं, ती यायची तवा यायची, आणि घरचे म्हणायचे की आम्हाला कुठं न्यायचं न्हाई, आमचं बाळ बराबर आहे. एवढं करून भागलं असतं तरी चाललं असतं. पण महिन्याच्या मीटिंगमध्ये ज्या उपकेंद्राची बाळं कमी वजनाची, त्या सिस्टरला उभं करतात. सगळ्यांसमोर. तुमच्याकडेच अशी बाळं कशी निघतात म्हणून विचारतात. जशी काय हिनंच त्या बायकांना नऊ महिने उपाशी ठेवलं. एकदा उभं राहिलेली बाई दुसऱ्यांदा उभी राहत नाही, अडीच लिहून मोकळी होते.

मला सगळं समजत होतं, तरी तोंडातून गेलंच, की म्हणजे तुम्ही खोटं लिहिता. सिस्टरनी कप खाली ठेवला. चेहरा लाल झाला त्यांचा. उठून कपाटातून एक जुनं रजिस्टर काढलं आणि माझ्या मांडीवर आपटलं.

"खोटं मी आपणहून कधीच लिहिलं न्हाई, मॅडम. नीट बघा."

मी पाहिलं. वजनाचा रकाना. २.८, ३, २.५, अडीच, २.६, अडीच, अडीच, २.५. मला काही कळेना. मंग त्यांनी बोट ठेवून दाखवलं. काट्यावर खरोखर दोन पॉइंट पाच आलं की आकड्यात लिहायचं. त्याच्या खाली आलं की अक्षरात लिहायचं, अडीच.

"अडीच म्हणजे आपलं बोलण्यातलं झालं," त्या म्हणाल्या. "काट्यावरचं न्हाई ते. आकडा खोटा लिहायला हात धजत नव्हता."

दोन-अडीच तास लागतील असं आपण म्हणतो तेव्हा कोणी घड्याळ बघत नाही. तसंच होतं हे. वरचे साहेब अडीच वाचून समाधानी, आणि सिस्टर स्वतःच्या मनाशी खऱ्या. त्या एकट्याच नव्हत्या; मीटिंगच्या चहाला एकमेकींना सांगत सांगत आजूबाजूच्या उपकेंद्रांतल्या सिस्टरही तसंच लिहायच्या. कुठं लेखी नाही, कोणाचा आदेश नाही. इतकी वर्षं पुस्तकं शिकवते मी, एवढी साधी आणि पक्की खूण मला सुचली नसती.

माझ्या शेजारी ती हळूच म्हणाली, "मॅडम, मी सगळं टू पॉइंट फाइव्ह केलं." अक्षरातलं काय आणि आकड्यातलं काय, कॉम्प्युटरवर भरताना तिनं दोन्हीचं एकच केलं होतं. पण मला त्याची फिकीर नव्हती, फोटो होते ना. परत बघायचं, अक्षरातली वेगळी काढायची, दोन दिवसांचं काम. शनिवार गाठता येणार होता. मला इतका आनंद झाला की मी सिस्टरचा हात धरला आणि म्हटलं, आता नवीन रजिस्टर दाखवा.

नवीन रजिस्टरात एकही अक्षर नव्हतं. २.५, २.५, २.७, २.५. पानामागून पान. मी विचारलं, हे कधीपासून असं. सिस्टरनी माझ्याकडे जरा आश्चर्यानं पाहिलं.

"तुम्हीच तर सांगितलं, मॅडम. जालन्याच्या ट्रेनिंगला."

आठवलं मला. मागच्या वर्षीचं प्रशिक्षण, नोंदी अचूक कशा ठेवाव्यात यावरचं. जिल्ह्याच्या या भागातल्या सगळ्या सिस्टर हॉलमध्ये, माईक माझ्या हातात. मी कुठल्या तरी रजिस्टराची पानं पडद्यावर दाखवली होती, अडीच, पावणेतीन, सव्वातीन असं लिहिलेली, आणि म्हटलं होतं की बायांनो, हे काय भाजी मोजून राह्यला का. रकान्यात अक्षर दिसलं तर रजिस्टर परत पाठवीन. सगळ्या हसल्या होत्या. टाळ्याही पडल्या. दुसऱ्या महिन्यापासून सगळे रकाने स्वच्छ झाले, आणि ते पाहून मी स्वतःवरच खूष होऊन घरी गेल्ते.

सिस्टर म्हणाल्या की त्यांना वाटलं, मॅडम शिकलेल्या आहेत, काहीतरी कारण असंल. मला लाज वाटली, दुसरं काही नाही. परतीच्या एसटीत ती मोबाईलवरचे फोटो चाळत बसली.

गुरुवारी सकाळी ती फोटो घेऊन माझ्या खोलीत आली. ती एकेक पान मोठं करून वाचायची आणि मी टिपायचे: अक्षर, आकडा, आकडा, अक्षर. जेवणाचा डबा तसाच राहिला. संध्याकाळच्या आत महिन्यावार तक्ता तयार झाला. प्रशिक्षणाआधीच्या महिन्यांत कमी वजनाची बाळं चांगली भरपूर, जशी असायला हवीत तशी. प्रशिक्षणाच्या पुढच्या महिन्यापासून जवळजवळ एकही नाही. कड्यावरून खाली पडावं तसा आलेख पडला होता. सवयीनं पी काढली, तर ती एवढी लहान निघाली की मी आजवर कोणाला काढून दिली नसेल. आयुष्यात पहिल्यांदा पी आपण होऊन बसली होती.

शुक्रवारी सरांना तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिला आणि आनंदानं टेबलावर थाप मारली. अक्षराची भानगड तिनं समजावून सांगितली, ती त्यांनी मानलीही. पण निष्कर्ष काय काढला, तर मॅडमच्या प्रशिक्षणामुळं सिस्टर कामाला लागल्या, गरोदर बायकांकडे लक्ष दिलं आणि कमी वजनाची बाळं घटली. थिसिसचं नावच बदलून टाकू म्हणाले. उद्या जमा होईल, मी स्वतः घेऊन जातो.

मी म्हटलं, सर, माझ्या माईकनं पोटातल्या बाळाचं वजन वाढत नाही. एका महिन्यात तर नाहीच नाही. बाळं तशीच आहेत, फक्त आता ती लिहिली जात नाहीत. मी तोडली ती खूण. सर शांतपणे म्हणाले, "पी काय म्हणतेय? मग? आणि मॅडम, तुमचंच नाव होणार आहे यात."

मी कपाळावर हात मारला, त्यांच्यासमोरच. गाढवासारखं वर्षानुवर्षं ओरडत होते की पी हा पुरावा नव्हे, ती फक्त योगायोगाचा एक प्रश्न सुटल्याचं सांगते, बाकीचे प्रश्न माणसानं विचारायचे असतात. ते ऐकून ऐकून सर एवढंच शिकले होते की पी लहान असली की मॅडमचं तोंड बंद करता येतं.

खोलीत परत आलो. आणि इथं मला खरं सांगायला पाहिजे. मी तिला म्हणाले की जाऊ दे. शेवटी अभ्यासाच्या मर्यादा लिहायचं पान असतं, त्यावर एक ओळ घालू, की वजनं लिहिण्याच्या पद्धतीत मधे बदल झालेला असू शकतो. कोणी वाचत नाही ते पान. मी सही करते, उद्या जमा कर आणि मुलीकडे जा. हे मी म्हणाले, जी सोमवारी तिच्यावर खेकसली होती. मला तिची मुलगी दिसत होती, आणि थोडं, अगदी थोडं, माझं नावही दिसत असेल. कोणी कधी माझं नाव घेतलं नव्हतं हो.

ती खिडकीबाहेर बघत होती. "मॅडम, मंग सोमवारी माझ्यावर ओरडलात ते कशासाठी?" एवढंच म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी उठून तिला माझी खुर्ची दिली.

तिनं माझ्याच टेबलावर बसून ते प्रकरण नव्यानं लिहिलं. साध्या वाक्यांत. वजनं घटलेली नाहीत, लिहिणं बदललं. प्रशिक्षणानं सिस्टरची खूण पुसली गेली. त्यानंतरच्या नोंदींवरून काहीही म्हणता येणार नाही. मी खाली सही केली. आजवर केलेल्या सह्यांमध्ये मला पटलेली ती बहुतेक एकच. सरांनी केली नाही. आरडाओरडा नाही, काही नाही. पुढच्या टर्मला बघू म्हणाले, आता नवीन वजनं घे, स्वतः उभं राहून घे. वर आमच्याच विभागानं आमचंच प्रशिक्षण चुकलं म्हणून छापायचं का, असंही म्हणाले.

शनिवार गेला. तिनं माझ्या खोलीतूनच परतूरला फोन लावला आणि आईला सांगितलं की अजून सहा महिने. आईनं मुलीच्या कानाला फोन दिला. पोरीनं विचारलं, कोण बोलून राह्यलं. फोन स्पीकरवर होता, मी ऐकलं. ती उठून बाहेर गेली.

पुढच्या आठवड्यात मला एक पत्र आलं. सरांनी तो तक्ता वर कुठं तरी दाखवला असणार, कारण माझं प्रशिक्षण आता जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांत घ्यायचं ठरलं होतं. सोबत अभिनंदन. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दोन पानी उत्तर लिहिलं की ते प्रशिक्षण चुकीचं होतं आणि का चुकीचं होतं. सर म्हणाले पाठवू नका. मी पाठवलं. त्याला अजून उत्तर नाही, आणि प्रशिक्षण रद्द झाल्याचंही पत्र नाही.

महिनाभरानं आम्ही दोघी पुन्हा त्या उपकेंद्रावर गेलो. तिला आता तिथं राहून स्वतः वजनं घ्यायची होती. मी बरोबर गेले ते सिस्टरची माफी मागायला, असं मी स्वतःला सांगितलं होतं. मी त्यांना म्हटलं की खरं वजन लिहा, आणि ते जमत नसेल तर पुन्हा अक्षरात लिहा, मीटिंगला मी तुमच्या शेजारी उभी राहते. त्यांनी मान डोलवली. मंग मी वही काढली आणि विचारलं की प्रशिक्षणानंतरची जी खरी कमी वजनाची बाळं असतील, ती आठवून सांगता का. कारण त्याशिवाय तक्ता पुरा होत नव्हता. हो, तेव्हाही माझ्या डोक्यात तक्ताच होता.

सिस्टर म्हणाल्या की आठवत न्हाई. मी म्हटलं, थोडी तरी. तेव्हा त्यांनी सांगितलं.

"अक्षर कशासाठी होतं मॅडम, तुम्हाला काय वाटलं? आठवड्याला रजिस्टर उघडायची, अक्षर दिसलं की त्या घरी जायची. अंग पुसलं का, दूध ओढतंय का, गुंडाळलंय का बराबर. आता सगळीच दोन पॉइंट पाच. पहिली काही ध्यानात ठेवली. मंग न्हाई राहिली. आता जात न्हाई."

मी वही मिटली. महिनाभर मी टर्मचा, सहीचा, सरांचा, नावाचा विचार करून राह्यले होते. त्या बाळांकडे कोणी जायचं थांबलं असेल, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. तिच्याही नाही, आणि आम्ही दोघी सामाजिक आरोग्याच्या विभागातल्या.

तिनं रजिस्टर घेतलं आणि २.५ लिहिलेल्या सगळ्या घरांची यादी उतरवायला बसली. म्हणाली, कोणतं खरं ते कळत नसेल तर सगळ्याच घरी जाऊ. सिस्टरनी पिशवी उचलली. पहिलं घर वस्तीवरचं, पाच-सात मिनिटं चालून. अंगणात एक मोठं पोर कोंबड्यांमागं धावत होतं आणि आईच्या मांडीवर धाकटं, सहा-सात महिन्यांचं, दिसायला तीन महिन्यांचं. हाताच्या काड्या. सिस्टरनी न विचारता ते उचलून घेतलं आणि छातीशी धरलं.

आई चिडलेली नव्हती. तिनं आम्हाला बसायला पोतं टाकलं आणि सिस्टरला विचारलं, "मोठ्याच्या टायमाला तुम्ही आठवड्याला येत होत्या, सिस्टर. याच्या टायमाला एकदा पण न्हाई आल्या. असं का?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं नाही, तेच जास्त लागलं. मी म्हणाले की माझ्यामुळं. त्या बाईला काही कळलं नाही. पाहुण्या दमून आल्या असतील म्हणून ती उठली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली.